बर्लिनचं ग्रिप्स थिएटर: नाटक कोणतं निवडावं, बसावं कुठे

बर्लिनला राहणाऱ्या किंवा सुट्टीत तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना कुणीतरी ग्रिप्सचं नाव सांगतं. सांगताना 'मुलांचं थिएटर आहे, छान असतं' एवढंच सांगतं. मग आईबाप चार वर्षांच्या पोराला घेऊन मिळेल त्या तारखेचं तिकीट काढतात. पऱ्या, राक्षस, रंगीत पडदे आणि टाळ्या वाजवायला सांगणारा विदूषक या अपेक्षेने जाऊन बसतात, आणि समोर घटस्फोट घेणारे आईवडील, भाडं वाढवणारा घरमालक किंवा शाळेतली मारामारी दिसली की गोंधळतात. नाटक वाईट नसतं, निवड चुकलेली असते. ग्रिप्सला जायचं तर तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: नाटक कोणत्या वयासाठी आहे, प्रयोग कोणत्या वेळेचा आहे आणि खुर्ची कुठली आहे. या तिन्ही जमल्या तर युरोपात मुलांना राजकीय नाटक दाखवणारी याहून चांगली जागा सहसा सापडणार नाही.

हे थिएटर निघालं १९६६ साली, पश्चिम बर्लिनमधल्या राइखस्काबारेट या राजकीय काबारेच्या पोटातून. फोल्कर लुडविग त्या काबारेचे लेखक. मोठ्यांसाठी रात्री सरकारची टर उडवायची आणि त्याच जागेत मुलांसाठी नाटक करायचं, अशी सुरुवात. पहिली काही वर्षं परीकथेच्या वळणाची गेली. १९६९ च्या 'श्टोकरलोक उंड मिलिपिली'पासून, जे लुडविग आणि त्यांचे भाऊ राइनर हाखफेल्ड यांनी मिळून लिहिलं, थिएटरला स्वतःची वाट सापडत गेली आणि १९७२ मध्ये ग्रिप्स हे नाव आलं. तेव्हापासूनचा नियम सोपा आहे. नाटक आजच्या शहरात घडतं, मुलांच्या अडचणी खऱ्या असतात, आणि शेवटी त्या अडचणीतलं काहीतरी बदलता येतं हे दिसतं. बदलतं तेही जादूने नाही. मुलं एकत्र येतात, भांडतात, मोठ्यांना प्रश्न विचारतात, तेव्हा बदलतं. सत्तरच्या दशकात बर्लिनमधल्या सीडीयू या पुराणमतवादी पक्षाने या नाटकांना कम्युनिस्ट प्रचार ठरवून शाळांनी तिथे वर्ग नेऊ नयेत अशी मोहीम चालवली होती. मुलांना घरभाडं समजावून सांगणं एवढं झोंबू शकतं, हे आज वाचताना गंमतीचं वाटतं. पण थिएटरची निम्मी कमाई शाळांच्या सकाळच्या प्रयोगांवर अवलंबून असेल तर अशी मोहीम गंमतीची राहत नाही.

आता जागा. मुख्य रंगमंच १९७४ पासून हान्साप्लाट्झला आहे, पत्ता आल्टोनाअर श्ट्रासं २२. मूळची ही इमारत बेलव्ह्यू नावाचं सिनेमागृह होती. यू-बान म्हणजे भुयारी रेल्वे, तिच्या यू ९ मार्गावर झू स्टेशनपासून उत्तरेकडे, म्हणजे ओस्लोअर श्ट्रासंच्या दिशेने, एकच स्टेशन. बाहेर पडलं की दुकानांच्या छपराखालीच थिएटर आहे, त्यामुळे पाऊस असला तरी भिजायला होत नाही. दुसरी जागा पोडेव्हील, शहराच्या मध्यभागी क्लोस्टरश्ट्रासं ६८ ला, यू २ च्या क्लोस्टरश्ट्रासं स्टेशनजवळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा वाडा. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे तरुण कलाकारांचं केंद्र होतं. इथलं प्रेक्षागृह हान्साप्लाट्झपेक्षा बरंच लहान आहे आणि लहान गटाची, दोन-चार नटांची नाटकं इथे जास्त खुलतात.

तिकिटावर यांपैकी कोणती जागा छापली आहे ते घरातून निघण्यापूर्वी वाचा. 'ग्रिप्स' एवढंच नकाशात टाकून निघालेली माणसं हटकून हान्साप्लाट्झला पोहोचतात. तिथून क्लोस्टरश्ट्रासंला जायला चालण्यासकट अर्धा तास धरावा लागतो, आणि प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडतीलच याची खात्री नाही. उशिरा येणाऱ्यांना मागे उभं करून नंतर सोडणं आपल्याकडच्या पडदेवाल्या रंगमंचावर चालून जातं. हान्साप्लाट्झला प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात आणि नटांची ये-जा प्रेक्षकांच्या मधल्या वाटांवरूनही होते. उशिरा आलेला माणूस थेट नाटकातच शिरतो.

खुर्चीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिकीट काढताना नकाशा दिसला तरी त्याचा अर्थ लागत नाही. साडेतीनशेच्या आसपास खुर्च्या आहेत. रंगमंच तळाशी आहे आणि रांगा पायऱ्यांसारख्या वर चढत जातात, त्यामुळे पुढच्या डोक्यामुळे काही दिसत नाही ही तक्रार सहसा येत नाही. प्रश्न बाजूचा असतो. तीन बाजूंना प्रेक्षक असले तरी गाणी बहुतेक मधल्या भागाकडे तोंड करून म्हटली जातात. अगदी टोकाच्या खुर्च्यांवरून नटांची पाठ किंवा एक गाल दिसतो. भाषा कळत असेल तर त्यात मजा आहे, कारण समोरच्या बाजूच्या मुलांचे चेहरे दिसतात आणि ते चेहरे हा अर्धा प्रयोगच असतो. भाषा कच्ची असेल तर मधला भाग घ्या, ओठ आणि हावभाव समोरून दिसले की अर्थ लागायला मोठी मदत होते. रांग तिसरी ते सहावी. पहिल्या रांगेत नट हाताच्या अंतरावर येतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला रागाने ओरडणारा मोठा माणूस इतक्या जवळ आला की नाटक-बिटक विसरायला होतं. फार लहान चणीच्या मुलांसाठी उशी मिळते का ते आत शिरतानाच दारावर विचारा. व्हीलचेअर असेल तर तिकीट खिडकीशी आधी बोलून घ्या, उतरत्या रांगांच्या सभागृहात त्यासाठीच्या जागा मोजक्याच असतात.

वयाचा आकडा हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी मजकूर. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक नाटकापुढे 'या वयापासून पुढे' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे असा आकडा म्हणजे भीतीदायक किंवा 'तसल्या' दृश्यांची सूचना, असा समज. इथे आकडा सांगतो की नाटकातली अडचण कोणत्या वयाच्या मुलाच्या आयुष्यात येते. सहा वर्षांपुढच्या नाटकात मैत्री, भीती, नवा वर्ग, घरातलं भांडण. आठ-नऊच्या पुढे पैसे, भाडं, परदेशातून आलेलं कुटुंब. बारा-तेराच्या पुढे हिंसा, लैंगिकता, धर्म, देशाचा इतिहास. पाच वर्षांचं मूल आठच्या नाटकाला बसवलं तर ते घाबरत नाही, कंटाळतं, आणि विसाव्या मिनिटाला पाय आपटायला लागतं. उलटही होतं. तेरा वर्षांच्या मुलीला सहाच्या नाटकाला नेलं की ती पहिल्या गाण्यालाच हाताची घडी घालून बसते. दोन भावंडांत पाच-सहा वर्षांचं अंतर असेल तर दोघांना एका नाटकाला नेऊ नका, दोन वेगळे दिवस काढा.

वेळेबद्दल आमचं मत बहुतेकांच्या उलट पडेल. शनिवार-रविवारी दुपारी चारच्या सुमाराचा कौटुंबिक प्रयोग सोयीचा असतो, पण ग्रिप्स कळायचं असेल तर आठवड्यातला सकाळी दहा-अकराचा शाळांचा प्रयोग गाठावा. जागा उरल्या असतील तर बाहेरच्यांनाही तिकीट मिळतं. रविवारी प्रत्येक मुलाशेजारी एक पालक असतो. तो कानात समजावत राहतो, 'श्श' करतो, हसू नये तिथे आधी हसतो. सकाळी तीनशे मुलं आणि पंधरा-वीस शिक्षक. मुलं नाटकातल्या बापाला उघड उघड हुर्यो करतात, पात्र खोटं बोललं की 'खोटं!' म्हणून ओरडतात, आणि पुढच्या क्षणी सगळं सभागृह चिडीचूप होतं. हा गोंगाट शिस्त नसल्यामुळे होत नाही. संहिताच तशी बांधलेली असते. प्रश्न पात्रांच्या तोंडी असतो आणि दोन श्वासांची जागा मोकळी सोडलेली असते. नटांना ती जागा कुठे लांबवायची आणि कुठे तोडायची ते पाठ असतं. हे कसब बघायला म्हणून तरी सकाळी जावं.

नाट्यमंडळीतल्या वाचकांसाठी ग्रिप्सच्या अभिनयाविषयी इथे थांबून लिहायला हवं. मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. तीस-चाळीस वर्षांची, कधी दाढीचे खुंट दिसणारी माणसं आठ वर्षांची मुलं होतात. मोठ्या प्रेक्षकाला पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं, मुलं मात्र दोन मिनिटांत मान्य करून टाकतात. ते मान्य होतं कारण नट मूल 'वठवत' नाहीत. आवाज बारीक करत नाहीत, बोबडं बोलत नाहीत, पायाचे अंगठे आत वळवत नाहीत, डोळे मिचकावत नाहीत. कपडे त्यांच्या मापाचेच असतात. बदलते ती एकच गोष्ट: पात्राला काय हवंय ते पूर्ण जोराने हवं असतं, आणि ते मिळालं नाही तर दुःखही तेवढ्याच जोराने होतं. त्यातून चार-सहा जणांचा संच पंधरा-वीस पात्रं उभी करतो. बाई एका एंट्रीत आठ वर्षांची मुलगी आणि पुढच्या एंट्रीत तिचीच शिक्षिका. मध्ये फक्त चष्मा, पर्स किंवा एक कोट. विंगेत कपडे बदलायला मिनिटभरही मिळत नाही, म्हणून सगळ्या वेशभूषेचा हिशेब एका वस्तूवर बसवलेला असतो.

मराठी बालरंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकाला हा फरक लगेच टोचतो. आपल्याकडे १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी राक्षस-चेटकिणींना मंचावर झोकात उभं केलं. ती परंपरा मोठीच आहे, पण तिच्या पोटी एक लाडिक आवाजही जन्माला आला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पोहोचला. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने ग्रिप्स पुण्यात आलं, तेव्हा धक्का बसला तो या आवाजाला. थिएटर अकॅडमी आणि माक्स म्युलर भवन यांच्या साथीने 'माक्स उंड मिली' या नाटकाचं मराठी रूप 'छान छोटे वाईट मोठे' उभं राहिलं. श्रीरंग गोडबोले यांनी ते मराठीत आणलं आणि बर्लिनचे दिग्दर्शक वोल्फगांग कोलनेडर त्यासाठी पुण्यात आले. पुढे पुण्यातल्या ग्रिप्सने स्वतःची मराठी नाटकंही लिहिली. पुण्याचे हे प्रयोग पाहिलेल्यांना बर्लिनमध्ये घरी आल्यासारखं वाटेल, आणि एक फरकही दिसेल: पुण्याचं ग्रिप्स कुटुंबाच्या आत जास्त रमतं, बर्लिनचं ग्रिप्स घरमालक, शाळा, नगरपालिका आणि पोलिसांपर्यंत जातं.

आता बर्लिनमध्ये नाटक कोणतं बघावं याचं उत्तर पर्यटकांसाठी तरी ठरलेलं आहे: 'लीनिए आइन्स', म्हणजे 'एक नंबरची लाइन', हे संगीत नाटक. ३० एप्रिल १९८६ ला पहिला प्रयोग झाला. संहिता आणि गीतं लुडविग यांची, संगीत बीर्गर हायमान आणि 'नो टिकेट' या बँडचं, दिग्दर्शन कोलनेडर यांचं. दुसऱ्याच वर्षी लुडविग यांना याच नाटकासाठी म्युलहाइमचा नाटककार पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये राइनहार्ड हाउफ यांनी सिनेमा केला, आणि मूळचा मंचीय प्रयोग दीड हजारांहून कितीतरी पुढे गेला. सोलमध्ये किम मिन-गी यांनी १९९४ मध्ये केलेल्या कोरियन रूपांतराचे तर चार हजारांवर प्रयोग झाले.

गोष्ट एवढीच: लहान गावातली एक मुलगी पहाटे ६ वाजून १४ मिनिटांनी झू स्टेशनला उतरते, जॉनी नावाच्या रॉक गायकाला शोधायला. त्याने दिलेल्या पत्त्यावर जायला ती एक नंबरच्या गाडीत बसते आणि दिवसभर त्या गाडीत आणि फलाटांवर शहर तिच्यासमोरून जातं. दलाल, बेघर, बेकार, शाळकरी पोरं, फुकटे, नोकरदार, म्हाताऱ्या. अकरा नट सुमारे ऐंशी भूमिका करतात. राजकारण भाषणात येत नाही, डब्यात कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण उठून जातं त्यात येतं. सगळ्यात गाजलेला प्रवेश विल्मर्सडॉर्फच्या विधवांचा: नाझी अधिकाऱ्यांच्या बायका, नवऱ्यांच्या गलेलठ्ठ पेन्शनवर आणि घरभाड्यावर मजेत जगणाऱ्या. चौघी पुरुष नट करतात, हॅट-ग्लव्हजसह, आणि कवायतीच्या ठेक्यावर गातात. विनोदी म्हणून सुरू होणारं ते गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत अंगावर येतं. या एका प्रवेशासाठी मधल्या भागातली खुर्ची घ्यावी.

'लीनिए आइन्स' बघताना लोक दोन ठिकाणी अडकतात. पहिली गोष्ट, ते मुलांचं नाटक नाही. थिएटर मुलांचं म्हणून दहा-अकरा वर्षांची मुलं सोबत नेणारे अनेक आहेत. त्यात अमली पदार्थ येतात, आत्महत्या येते, तोंडातली भाषा फलाटावरची असते. चौदा-पंधराच्या पुढे न्या, तेही आधी थोडं सांगून. प्रयोग संध्याकाळचा असतो, साधारण साडेसातचा, मध्यंतरासह तीन तासांच्या जवळ जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा नसलेला दिवस बघा.

दुसरी गोष्ट नकाशाची. नाटकातलं शहर भिंत असतानाचं पश्चिम बर्लिन आहे. तेव्हाचा एक नंबर झू स्टेशनवरून जायचा आणि श्लेझिशेस टोरला संपायचा, कारण पुढे नदी होती आणि नदीपलीकडे सीमा. १९९३ मध्ये मार्गांची फेररचना झाली, १९९५ मध्ये रूळ ओबरबाउम पुलावरून पुन्हा वार्शाउअर श्ट्रासंपर्यंत गेले, आणि आजची यू १ झू स्टेशनला जातच नाही. ती उलांडश्ट्रासंहून निघते. मुलीचा प्रवास स्वतः करून बघायचा असेल तर झूहून यू २ ने विटेनबेर्गप्लाट्झ, तिथे गाडी बदलून यू १ किंवा यू ३ ने श्लेझिशेस टोर. कुर्फ्युर्स्टेनश्ट्रासंनंतर गाडी जमिनीखालून वर येते आणि ग्लाइसड्राइएकपासून पुढे उंच खांबांवरून जाते. हा प्रवास नाटकाच्या आधी दिवसाउजेडी करा. क्रॉइत्सबेर्गची घरं खिडकीतून इतकी जवळ दिसतात की नाटकातले अर्धे संवाद आपोआप कळतात.

भाषेचं काय? खरं सांगायचं तर सहा वर्षांपुढची नाटकं परक्यांना सगळ्यात सोपी. वाक्यं लहान, गाण्याचं ध्रुवपद चार वेळा येतं, जे बोललं जातं तेच समोर घडतं. जर्मनची दुसरी पातळी, म्हणजे ए २ चालू असलेल्या माणसाला गोष्ट नीट लागते. किशोरांची नाटकं अवघड, कारण त्यात आजची बोली आणि वेग. 'लीनिए आइन्स' आणखी अवघड, कारण अर्धी पात्रं बर्लिनच्या ठसक्यात बोलतात, तिथे 'इश'चं 'इक' होतं आणि 'वास'चं 'वाट'. त्याच्या काही प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षकं असतात, तिकीट काढताना त्या तारखेपुढे तसं लिहिलंय का ते बघा. नसेल तर हाउफचा सिनेमा आधी बघून जा. मराठी मुलं जर्मन शाळेत जात असतील तर ती तुम्हाला समजावतील, आणि एकदा तरी ती उलटी भूमिका घरात होऊन जाऊ द्या.

निव्वळ राजकीय नाटक शोधणाऱ्याने दोन जुनी नावं लक्षात ठेवावीत, ती पत्रिकेत पुन्हा दिसतील तेव्हा सोडू नयेत. एक, 'आइन लिंके गेशिष्टं' म्हणजे 'एक डावी गोष्ट' (१९८०), लुडविग आणि डेटलेफ मिखेल यांचं. साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीत शिरलेल्या तरुणांचं पुढे काय होत गेलं याची ही खिल्ली आणि हिशेब दोन्ही आहे. वर्षानुवर्षं त्यात नवे प्रवेश घालत गेले. आपल्याकडच्या युक्रांद-दलित पँथर काळातून गेलेल्या पिढीला यातली माणसं नावं बदलून ओळखता येतील. जर्मन राजकारणाची थोडी माहिती नसेल तर मात्र निम्मे विनोद डोक्यावरून जातात.

दुसरं 'आब हॉयटं हाइस्ट डू सारा' म्हणजे 'आजपासून तुझं नाव सारा' (१९८९), इंगं डॉयचक्रोन यांच्या आठवणींवर. नाझी बर्लिनमध्ये लपून जगलेल्या एका ज्यू मुलीच्या आयुष्यातली तेहतीस चित्रं. शीर्षकातलं सारा हे तिचं नाव नव्हे. १९३९ पासून ज्यू स्त्रियांना ते नाव स्वतःच्या नावाला जोडणं सक्तीचं झालं होतं. तेहतीस तुकडे असल्यामुळे प्रत्येक प्रवेश तीन-चार मिनिटांचा आणि नेपथ्य हलकं. इथे जे साधलंय ते अशा विषयावरच्या नाटकांत क्वचित दिसतं: भीती आणि थट्टा एकाच टेबलावर. मोठ्या मुलांबरोबर हे बघणार असाल तर त्याच दिवशी रोझेनथालर श्ट्रासं ३९ ला ओटो वाइट यांच्या अंधांच्या कारखान्याचं संग्रहालय आधी बघा. डॉयचक्रोन तिथेच कामाला होत्या. ब्रश बनवण्याच्या त्या खोल्या आणि मागची लपायची खोली पाहून आलेल्या मुलाला नाटकात काही समजावून सांगावं लागत नाही. उलट क्रमाने केलं तर संग्रहालय नाटकाच्या सेटसारखं वाटतं, म्हणून क्रम पाळा.

तरुणांच्या स्वतःच्या प्रयोगांसाठी थिएटरचा 'बांडा आगिटा' नावाचा युवा गट आहे. इथे मंचावर व्यावसायिक नट नसतात. शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं नाट्यशिक्षकांबरोबर स्वतःच्या मजकुरातून प्रयोग बांधतात. यात काय मिळेल याची अपेक्षा नीट ठेवा. संहिता विस्कळीत असते, तीन शेवट असतात, मध्येच कुणीतरी माइक घेऊन दहा मिनिटं बोलतं, आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. तालमीच्या खोलीत जे उत्स्फूर्त खेळातून सुचलं त्याला सगळे जीव लावून बसतात आणि कापायला कुणी धजत नाही. महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत तयार झालेल्या मराठी डोळ्यांना हे ढिलं वाटेल. आपल्या मुलांना तासाभरात पडदा पाडायची सवय आणि त्यातून येणारी घट्ट बांधणी. इथे स्पर्धा नाही, करंडक नाही, 'आवाज कुणाचा' नाही. त्याबदल्यात पंधरा वर्षांची मुलगी कुणाच्याही शैलीची नक्कल न करता बोलताना ऐकायला मिळते. प्रयोग थोडे होतात आणि मित्रमंडळींतच तिकिटं संपतात, तेव्हा तारखा जाहीर झाल्या की लगेच घ्या. पहिल्या प्रयोगापेक्षा दुसरा किंवा तिसरा बघा, पहिल्या रात्री सगळे घाईने बोलतात.

शिक्षकांसाठी आणि इथून नाटक उचलून नेऊ पाहणाऱ्यांसाठी थिएटरची अभ्यास-पुस्तिका ही सगळ्यात मोलाची गोष्ट. नाटकाबरोबर ती तयार होते. त्यात विषयाची पार्श्वभूमी, प्रयोगाआधी वर्गात करायचे खेळ आणि नंतरचे प्रश्न असतात. पुण्या-मुंबईतल्या शाळांनी उचलावी अशी ही पद्धत आहे, पण एक धोका दिसतो: शिक्षक आधीच सगळा आशय सांगून टाकतात आणि मुलं नाटकात तो शोधत बसतात. आधीचे खेळ घ्या, चर्चा नंतरच्या दिवसासाठी ठेवा. रूपांतर करायचं असेल तर हक्क रीतसर घ्यावेत, आणि गाणी रेकॉर्डवर टाकायचा मोह टाळावा. ग्रिप्सची गाणी प्रवेशातूनच उगवतात. मुलं हसत असतील तर वादक दोन मात्रा थांबतो, नट प्रेक्षकांत शिरला तर ठेका लांबवतो. रेकॉर्ड थांबत नाही, मग नट गाण्याच्या मागे धावतो आणि मुलांचा प्रतिसाद तुडवला जातो. पूर्ण बँड परवडत नसेल तर एक पेटी किंवा गिटार आणि एक तालवाद्य पुरतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. ग्रिप्सचा आशावाद कधी कधी घड्याळाकडे बघून येतो. तासभर गुंता वाढवत नेलेला बाप शेवटच्या सात मिनिटांत समंजस होतो आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या नाटकांत हे शोभायचं, कारण तेव्हा मुलांनी मोठ्यांना उलट विचारणं हीच बातमी होती. आताच्या काही नाटकांत हवामान, वंशवाद, मोबाइल, लिंगभाव असे विषय एकाच प्रयोगात कोंबलेले दिसतात, आणि मग पात्रं विषयांच्या पाट्या गळ्यात अडकवून फिरू लागतात. वाईट मोठी माणसं फार वाईट आणि फार बावळट असतात, हा आजार जुना आहे. १९७५ च्या 'दास हेल्टस्टं या इम कॉप्फ निष्ट आउस' या पहिल्या किशोरनाटकाबद्दल बोलताना लोक अजून शाळा सोडून बेकार होणाऱ्या त्या पोरांची नावं घेतात. नव्यांतली नावं इतकी लक्षात राहतील का, शंका आहे.

लुडविग यांनी अनेक दशकं थिएटर चालवलं, पुढे कलात्मक सूत्रं श्टेफान फिशर-फेल्स आणि त्यांच्यानंतर फिलिप हारपाइन यांच्याकडे आली. बर्लिन राज्याने २०२५ साली सांस्कृतिक खर्चात सुमारे १३ कोटी युरोंची कपात केली, तिची झळ मुलांच्या थिएटरांना आधी लागते, कारण तिकीट महाग करून ती भरून काढता येत नाही. त्यामुळे जुन्या कार्यक्रमपत्रिकेवर किंवा दोन वर्षांपूर्वीच्या शिफारशीवर विसंबू नका, महिन्याची ताजी पत्रिका बघूनच ठरवा. ग्रिप्सच्या तारखा जुळत नसतील तर लिश्टेनबेर्गमधलं पार्कआउअं आणि वेडिंगमधलं आत्सं म्युझिक थिएटर ही दोन नावं बघा. पार्कआउअं पूर्व बर्लिनमध्ये १९५० मध्ये सुरू झालं, रंगमंच मोठा आणि नेपथ्य भरगच्च. आत्सं लहान मुलांना गाण्यासाठी जास्त जवळचं.

शेवटचं हंगामाचं. बर्लिनची थिएटरं ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात उघडतात आणि शाळांच्या उन्हाळी सुट्टीत बंद असतात. ती सुट्टी दर वर्षी थोडी पुढेमागे सरकते. भारतातून मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना सगळं चालू मिळतं. जुलैच्या मध्यात गेलात तर पाटी वाचून परत यावं लागण्याची शक्यता मोठी. सकाळचे प्रयोग शाळा महिने आधी राखून ठेवतात, म्हणून विमानाचं तिकीट झालं की त्याच आठवड्यात थिएटरला लिहा. किती माणसं, मुलांची वयं काय, जर्मन कितपत येतं, एवढं कळवलंत की कुठलं नाटक घ्यायचं हे तेच सांगतील.